खालची बाग

बागमालकाने खालच्या बागेच्या तोंडाशी लावलेली लाल पाटी उपटली आणि गोठ्यामागे टाकली. बायको दारातून बघत होती.

"अहो, पाटी का काढलीत?"

"पाहुणा येतोय. माल बघितल्याशिवाय सौदा कसा होणार?"

"वरच्या बागेत आहे की माल. आणि तो सुरुंगवाला होता म्हणतात."

"म्हणूनच."

युद्ध संपल्यावर सगळे घरी परतले, तेव्हा बागमालकाचा धाकटा भाऊ हौसेने खालच्या बागेत शिरला होता. पहिल्याच रांगेत सुरुंगाने त्याला नेलं. तेव्हापासून तिथली सफरचंदं झाडाखालीच कुजत होती.

व्यापारी दुपारी आला. नदीवरचा पूल खुला झाल्यापासून पलीकडच्या देशातली माणसं खरेदीला येऊ लागली होती. चहा घेता घेता तो स्वतःहूनच म्हणाला, "लपवत नाही. लढाईत सुरुंग पेरायचं काम होतं माझं. आता फळं विकतो. बरं वाटतं."

बायको कपबशा उचलून आत गेली.

"झालं ते झालं," बागमालक म्हणाला. "चला, बाग दाखवतो."

खालच्या बागेशी येऊन तो थांबला. "व्हा पुढे."

व्यापारी बेधडक आत शिरला. फांद्या सारत, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. बागमालक बाहेरच उभा होता. पहिली रांग मागे पडली. भाऊ पडला होता ती जागाही गेली. काहीच झालं नाही. मग तोही निघाला, व्यापाऱ्याच्या पावलावर पाऊल ठेवत.

बागेच्या मधोमध त्याने हाक मारली.

"खरं सांगतो, वाट विसरला असाल तर मरा, असंच होतं माझ्या मनात. पण तुमचे पाय काही विसरले नाहीत. भावाचं मी सोडून दिलं, अगदी मनापासून. आता फक्त कुठे कुठे पेरलेत तेवढं दाखवा. मग दरवर्षी ही अख्खी बाग तुमची."

व्यापारी थिजला. उचललेलं पाऊल त्याने होतं तिथेच हळूच टेकवलं. मागचं गवत पुन्हा उभं राहिलं होतं.

"इथे सुरुंग आहेत?"

"तुम्हीच पेरलेत ना?"

"दादा," व्यापारी मान न वळवता म्हणाला, "आमचं कुणीच नदीच्या या बाजूला आलं नव्हतं. इथे तुमचंच सैन्य होतं."