टाकीतला हिरवा थर

"माझ्या टाकीत घाण सापडायची नाही. दर शनिवारी काथ्यानं घासते," गोदाक्का ठासून म्हणाली. तिची तान्ही नात जुलाबांनी जाऊन पाच दिवस झाले होते.

पाणीखात्याकडून तपासणीला आलेल्या दस्तगीरनं गच्चीवरच्या टाकीत आतून बोट फिरवलं. खात्यानं घरोघरी टाक्यांत लावलेला जिवंत हिरवा थर इथं उरलाच नव्हता.

"आक्का, तो थरच पाण्यातले जंतू खातो. घासू नका म्हणून चिठ्ठी आली होती ना?"

"सून बाळंतपणाला माहेरी होती. वाचणार कोण?" म्हणता म्हणता गोदाक्का खाली बसली.

एवढ्यात सून रत्ना जिना चढून आली. "काय सापडलं, भाऊ?"

दस्तगीरला तिच्याकडे बघवेना. "पाइप फुटलाय, ताई."

"पाइप धड आहे, रत्ना," गोदाक्का म्हणाली. "मीच घासत होते."