लंकाबाईंचा मुक्काम

लंकाबाईंनी पत्र्याच्या ट्रंकेची कडी लावली आणि कानिफनाथाच्या हातातला ब्रश गळून पडला. सासू निघाली म्हणून जावई हवालदिल व्हावा, असं संगमनेरात तरी आजवर घडलं नव्हतं.

“आई पुणतांब्याला जायचं म्हणतेय, दुपारच्या गाडीनं,” मनकर्णा म्हणाली. नवऱ्याचा पडलेला चेहरा पाहून तिचा ऊर भरून आला. असा गुणी नवरा सात गावं धुंडाळून मिळायचा नाही, असं तिला वाटलं.

बिचारीला खरं कुठं ठाऊक होतं! कानिफनाथ नगरच्या एका दैनिकासाठी रोज व्यंगचित्र काढी आणि संध्याकाळच्या एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर पाठवून देई. काढायला फार वेळ लागत नसे. घोडं अडे ते सुचण्यापाशी. त्यासाठी तो गुळगुळीत दाढीनं न्हाव्याच्या दुकानात बसे, रिकाम्या पिशवीनं बाजारभर हिंडे. तरी दिवाळीच्या सुमारास संपादकांनी बजावलं, “वाचक हसत नाहीत. असंच चाललं तर त्या जागी केसांच्या तेलाची जाहिरात घेऊ.”

तेवढ्यात लंकाबाई आठ दिवसांसाठी आल्या. आल्या दिवशीच रेडिओवर बातम्या लागल्या. परक्या पुरुषाचा आवाज ऐकताच त्यांनी डोक्यावरून पदर ओढला आणि रेडिओपुढं चहाची कपबशी ठेवली. कानिफनाथानं तस्सं चित्र काढलं. अख्खा जिल्हा हसला. पुढं लढाई लागली, दिवे झाकायचा हुकूम निघाला, तर यांनी कोंबड्यांच्या खुराड्याला काळा कागद चिकटवला. कुटुंबनियोजनाच्या बाई घरोघर सांगत आल्या, तर यांनी त्यांच्यापुढं शेळी आणून उभी केली. “हिलाच सांगा बाई, पाचवं वेत हाय.” त्या दिवशी संपादकांनी चित्र पहिल्या पानावर घेतलं. आठ दिवसांचे चार महिने झाले.

कानिफनाथ छापलेला अंक मात्र घरात टिकू देत नसे. सासूच्या नजरेला पडला असता तर त्याची धडगत नव्हती.

“आईंना म्हणावं, आणखी आठ दिवस राहा,” तो बायकोला म्हणाला. सासू-जावई एकमेकांशी थेट बोलत नसत. तशी रीतच होती.

दाराआडून उत्तर आलं, “मने, जावयाच्या दारात किती दिस ऱ्हावं? लोक शेण घालतील तोंडात.”

“त्यांना म्हणावं, लोक गेले खड्ड्यात!”

“मने, त्यांला म्हनावं, टांगा आला.”

मनकर्णा वळकटी घेऊन टांग्याकडं गेली. आता निरोप न्यायला कोणीच उरलं नाही. कानिफनाथाला धीर धरवेना. त्यानं रीत चुलीत घातली आणि दाराशी जाऊन तो ओरडला, “तुम्ही गेलात तर माझं चित्र बंद पडेल हो! चार महिने मी तुम्हालाच काढतोय!”

आत ट्रंक ओढल्याचा आवाज झाला. मग लंकाबाई बाहेर आल्या. जावयासमोर त्यांनी आज पहिल्यांदाच पदर मागं सारला. कानिफनाथानं डोळे गच्च मिटून घेतले.

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “शेजारची मुबारकबी रोज अंक दावती मला. आल्या दिशी कोऱ्या कागदापुढं तुमचं तोंड बघितलं आन् लेकीच्या संसाराची काळजी लागली. म्हनून दिला रेडिओला चहा.”

कानिफनाथानं एक डोळा उघडला. “म्हणजे... ती शेळीपण?”

“शेळीपायी दोन राती जागले. आता माझ्यानं रेटत न्हाई, जावईबापू. रोज नवं याड आनायचं तरी कुठून? डोस्कं पार रिकामं झालं.”

बोलता बोलता त्यांनी ट्रंक उचलली. जावयाचा रडवेला चेहरा पाहून त्यांना लईच दया आली.

“असं तोंड करू नगा. सोमवारी मनीच्या वडलांला धाडते,” त्या म्हणाल्या. “त्यांला काई सुचावं लागत न्हाई.”