एकही चूक नाही

फोनच्या पडद्यावर प्रमिलाबाईंचा अंगठा पुन्हा नेमक्या जागी पडला. योगिताने कपाळावर हात मारून घेतला.

डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासाचं शेवटचं वर्ष, आणि ही पोरगी चुका शोधत उधना वस्तीतल्या गल्ल्या पालथ्या घालत होती. घरबसल्या साड्यांना टिकल्या लावणाऱ्या बायकांना काम मागता यावं, म्हणून तिने एक अॅप बनवलं होतं. बायका कुठे अडतात ते पाहायचं आणि तिथे सुधारायचं, हाच तिचा प्रकल्प. पण कुणी अडेल तर शपथ! आई सरलाबाई रोज नवी शेजारीण घेऊन यायची. ती यायची, अचूक बटण दाबायची, निघायची. याच प्रमिलाबाई एरवी आलेला फोन उचलायलाही सुनेला हाक मारत.

प्रकल्पाच्या गाइडने कालच सुनावलं होतं, "एकही चूक नाही? चाचण्या घरी बसून लिहिल्यास का? सोमवारपर्यंत खऱ्या आण, नाहीतर वर्ष गेलं समज."

आता मात्र योगिताचा धीर सुटला. प्रमिलाबाई चहा पीत होत्या तेवढ्यात तिने 'काम हवं' हे बटण खालून उचललं, वरच्या कोपऱ्यात नेऊन टाकलं आणि फोन परत त्यांच्या हातात दिला. अंगठा खालीच गेला. तिथे काहीच नव्हतं. तरी बाई त्याच जागी दाबत राहिल्या आणि वैतागून म्हणाल्या,

"व सरलाबाई, तू तं आठेच सांगेल व्हतं!"

शेजारी टिकल्या लावत बसलेल्या सरलाबाईंनी मांडीवरच्या साडीत तोंड खुपसलं. मग सगळंच बाहेर आलं. योगितानेच हौसेने आईच्या फोनमध्ये अॅप टाकून दिलं होतं. दुपारी टिकल्या लावता लावता सरलाबाई गल्लीतल्या बायकांकडून ते घोकून घेत होत्या. कुणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

योगिता संतापाने रडकुंडीला आली. वर्ष बुडायची पाळी, आणि बुडवणारी कोण, तर सख्खी आई!

"अगं, चुकायलाच बोलावलं होतं मी त्यांना! कुणी सांगितला होता तुला हा शहाणपणा?"

"तूच," सरलाबाई म्हणाल्या. "दरेक बाईले तूच सांगेल शे ना, 'तुम्ही चुकलात तर ती चूक तुमची नाही, माझी.' मंग मनी पोरनी चूक मी कशी व्हऊ देवू?"