खुर्चीमागचा कोट

रांगेत अंजना दिसली आणि आमदार राजदीप यांच्या हातातला पेढा तोंडापर्यंत जायचा राहिला.

निकाल लागून दोनच दिवस झाले होते. गोंदियातल्या त्यांच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारी सोफ्यावर राइस मिलवाले दुर्गाप्रसाद ऐसपैस बसले होते. प्रचाराच्या गाड्या त्यांच्याच. अंजनाचा नवरा केवळराम मेला तोही त्यांच्याच मिलमध्ये, बॉयलर फुटून.

बारा वर्षं दावा चालू होता. केवळराम त्या दिवशी कामावर नव्हताच, दारू पिऊन आत शिरला होता, असं मिलनं कोर्टात लिहून दिलं होतं. दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणायला पहिल्या ओळीत बसणारा माणूस, आणि कागदावर दारुडा! अंजनाला तेवढं खोडून हवं होतं. तेव्हा नुसते वकील असलेले, तिच्याच वस्तीतले राजदीप तिला म्हणाले होते, "वहिनी, हा डाग मी धुतो." पहिली काही वर्षं ते जीव तोडून लढलेही. पुढे राजकारणाची चटक लागली. तारखेला ज्युनियर जायचा आणि पुढची तारीख घेऊन यायचा. गेल्या महिन्यात तर तडजोडीचा कागद राजदीप यांनीच तिच्या घरी धाडला. दुर्गाप्रसादांना तसा शब्द दिला होता. दारूचं वाक्य त्या कागदातही जसंच्या तसं होतं.

आता ही बाई चार लोकांत गळा काढणार, असं त्यांना वाटलं. खुर्चीमागच्या खुंटीवर त्यांचा काळा कोट मुद्दाम टांगलेला होता. पोस्टरवर तोच कोट आणि खाली मोठ्या अक्षरांत 'गोरगरिबांचा वकील'. मतं त्या कोटानंच मिळवून दिली, हे ते मनातल्या मनात जाणून होते.

अंजना पुढे आली. रडली नाही, पाया पडली नाही. पिशवीतून कागद काढून तिनं टेबलावर ठेवला.

"सई पायजे, भाऊ."

म्हणजे बाई तडजोडीला तयार झाली! राजदीप यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांनी दुर्गाप्रसादांकडे पाहून हळूच मान हलवली, पेन काढलं आणि अंजनानं बोट ठेवलं तिथं झोकात सही ठोकली.

"बाई, मिठाई तो लो," दुर्गाप्रसाद खुशीत म्हणाले.

तिनं पेढ्याकडे पाहिलंही नाही.

"वाचा तरी, भाऊ. वाचल्याबिगर सई करू नका, हे तुमीच शिकवलं वस्तीले."

राजदीप यांनी कागद ओढला. तडजोडीचा नव्हताच तो. नवीन वकीलपत्र होतं. दुसऱ्या वकिलानं दावा चालवायला जुन्या वकिलाची हरकत नाही, या ओळीखाली त्यांची सही ओली होती. त्यांनी नवं नाव वाचलं. ॲड. टीना केवळराम रामटेके.

पहिल्या तारखेला ही पोर सहावीत होती. कोर्टाच्या बाकड्यावर बसून मांडीवर वही घेऊन गणितं सोडवायची. एका दाव्यात मूल वाढून वकील झालं होतं.

"मंगळवारी पोरगीच उभी राहते," अंजना म्हणाली.

"वहिनी, अहो, मी होतो ना..."

बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ऐकवेना. लाज वाटली. फार दिवसांनी वाटली. टेबलाशी उभे असलेले कार्यकर्ते उगाच मोबाइलमध्ये पाहू लागले. दुर्गाप्रसादांनी पेढ्यांचा डबा बंद केला.

अंजनानं कागद घडी करून पिशवीत ठेवला. जायला वळली, आणि पुन्हा थांबली. तिची नजर खुर्चीमागच्या खुंटीवर गेली. राजदीप यांना सनद मिळाली तेव्हा त्या कोटाचं कापड वस्तीनं मिळून आणलं होतं. माप द्यायला केवळरामच त्यांना सायकलवर डबलसीट बसवून गोंदियाला घेऊन आला होता.

"कोट देता का, भाऊ?" ती म्हणाली. "वस्तीचा हाये तो. टीनाले लागते."