उस्तादांची लिफ्ट

“अहो उस्ताद, तुम्ही म्हणजे कमाल आहात!” हॉलमधून बायकोचा आवाज आला आणि पाठोपाठ ते हसू.

आत कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. असं हसू लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्याच्या वाट्याला यायचं. आता ती कानाला हेडफोन लावून चौकोनी ठोकळ्यांच्या त्या खेळात शिरली, की ते परस्पर दुसऱ्याच्याच घरी पोचायचं. आणि वर मानपान बघा. नवऱ्याला अरे-तुरे, आणि त्या कुठल्या कोण माणसाला अहो-जाहो! कानामागून आला आणि तिखट झाला.

खेळ तरी कसला? ठोकळ्यांच्या भिंती बांधायच्या, लाल भुकटीची रेघ ओढायची. रेघेतून करंट जातो आणि पलीकडचे दट्टे हलतात. असल्या दट्ट्यांवर चालणारी लिफ्ट दोघं मिळून उभी करत होते. जेवतानाही तिच्या तोंडी तेच. उस्तादांनी मधल्या मजल्याचा थांबा कसा जमवला, उस्तादांनी घंटा कशी बसवली. नवऱ्यानं केलेल्या भाजीत मीठच नाही, हे मात्र तिच्या लक्षात आलं नव्हतं.

“एवढं काय असतं त्यात? मलाही शिकव की,” तो एकदा म्हणाला होता.

“तुला?” ती खळखळून हसली. “अरे, तुझे बाबा लिफ्टचे मेकॅनिक आणि तुला साधा फ्यूज बदलता येत नाही!”

ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. लहानपणी तो बाबांच्या हत्यारांच्या पेटीजवळ नुसता फिरकला तरी आवाज यायचा, “हात लावू नकोस, मोडशील.” रेडिओ, पंखा, सायकलची चेन, सगळ्याला तेच वाक्य. शेवटी त्यानं हात लावणंच सोडलं आणि मोठा होऊन पडद्यांच्या दुकानात मापं घ्यायला लागला. बाबा आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहायचे. फोनवर “जेवलास?” “हो.” “बरं.” एवढं झालं, की दोघंही सुटल्यासारखे फोन ठेवायचे.

आज सकाळी चहा घेताना त्यानं बायकोला सरळच विचारलं होतं. “कोण आहे हा उस्ताद?”

ती जरा घुटमळली. मग कप विसळायला उठत म्हणाली, “आहेत एक. तू ओळखत नाहीस त्यांना.”

ते घुटमळणं दिवसभर त्याच्या डोक्यात घोळत होतं. आता हॉलमधून पुन्हा हसू आलं, तसा तो घडी अर्धवट टाकून उठला. घरातला जुना लॅपटॉप बायकोनं बाबांना फोटो बघायला म्हणून नेऊन दिला होता, त्यामुळे त्यानं दुकानातून आणलेलाच उघडला. खेळ उतरवून घेतला. खेळातल्या तिच्या जगाचा पासवर्ड शोधायला डोकं चालवावं लागलं नाही, त्यांच्या घरात सगळंच मांजरीच्या नावानं उघडायचं. ‘पाहुणा’ असं नाव घेऊन तो आत शिरला.

लिफ्ट देखणी होती. तेच तर दुखलं. कुठे धक्का नाही, कुठे खडखडाट नाही. तो वरच्या मजल्यावर पोचला तशी घंटा वाजली आणि दार अलगद सरकलं. एकमेकांचा हात ओळखणाऱ्या दोन माणसांचं काम होतं ते. तो बाहेर पडला, भिंतीच्या मागे गेला, लाल रेघ शोधून काढली आणि मधला तुकडा उडवला.

“बसा आता हसत,” तो पुटपुटला. लिफ्ट खाली जायला निघाली होती, ती मध्येच अडकली.

खातरी करायला त्यानं दारापाशी येऊन बटण दाबलं. घंटा वाजली. दारही उघडलं. तो पाय टाकणार, एवढ्यात सवयीनं त्यानं खाली वाकून बघितलं. दुकानाच्या लिफ्टमध्ये शिरतानाही तो असाच आधी वाकून बघायचा आणि दुकानातली माणसं त्याला हसायची. समोर लिफ्ट नव्हतीच. खोल, काळी, रिकामी विहीर होती.

दाराशेजारी एक पाटी ठोकलेली होती. ‘दार उघडलं म्हणजे लिफ्ट आली असं नाही. आधी खाली बघ.’

त्याला पाटी शेवटपर्यंत वाचावी लागली नाही. त्याचं बोट धरून, प्रत्येक लिफ्टच्या दाराशी, हे वाक्य बाबांनी त्याच्या कानात घातलं होतं.

उस्ताद म्हणजे बाबा! आता आपण शांत होऊ, असं त्याला वाटलं. पण झालं उलटंच. जळफळाट तसाच राहिला, फक्त त्याचं तोंड फिरलं. इतके दिवस तो भलत्याच माणसावर जळत होता. बाबांशी तासन्‌तास बोलत होती ती. बाबांबरोबर रेघा जोडत होती ती. बाबा हसतात कसे, हे तिला माहीत होतं. त्याला ते धड आठवतही नव्हतं.

हॉलमधून तिचा आवाज आला. “उस्ताद, कुणाचं तरी पोरगं शिरलंय बघा आत. मेल्यानं रेघ तोडलीय! हाकलू का?”

जिन्यावरून एक ठोकळ्यांचा माणूस सावकाश चढून आला आणि त्याच्यासमोर उभा राहिला. त्याच्या डोक्यावर ‘उस्ताद’ असं लिहिलेलं होतं. पाहुण्याशी बोलायचं तर टाइपच करावं लागणार होतं. एका बोटानं टाइप करणाऱ्या माणसाला लागतो, तेवढा वेळ गेला. काय येणार, ते नवऱ्याला लहानपणापासून पाठ होतं. त्यानं कीबोर्डवरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

पडद्यावर अक्षरं उमटली.

“तोडलीस होय? असू दे बाळा. मोडल्याशिवाय कळत नाही. ये, हात लाव.”