भरतीच्या कागदावरचा शेरा

'जुन्या नोंदीबाबत समक्ष भेटावे' असं नौदलाच्या कार्यालयाचं पत्र आलं, तेव्हापासून म्हाताऱ्या माजी नौसैनिकाच्या घशाखाली घास उतरेना. पेन्शन तर जाईलच, वर या वयात मायदेशी परत पाठवतील, अशी धास्ती त्याने घेतली होती.

"असं केलंय तरी काय तुम्ही?" बायकोने विचारलं. पंचेचाळीस वर्षांत त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.

शेवटी बायकोला सोबत घेऊन तो कार्यालयात गेला. तिथल्या बाईंनी पिवळी पडलेली फाइल उघडली. "आजोबा, या देशात तुम्ही प्रवासी बोटीने आलात असं इथे लिहिलंय. पण त्या दिवशी बंदरात एकही प्रवासी बोट लागली नव्हती."

त्याने मनाचा हिय्या केला. "खोटं लिहिलं मी. मालवाहू जहाजावर खलाशी होतो. कप्तान फार मारायचा. बंदर दिसलं तशी पाण्यात उडी टाकली, पोहत किनाऱ्याला लागलो आणि समोर नौदलाचं भरती केंद्र दिसलं, तिथे शिरलो. आता द्यायची ती शिक्षा द्या."

"शिक्षा कसली? नोंद दुरुस्त करून तुमची सही घ्यायची, म्हणून बोलावलं. आमच्या अधिकाऱ्यांना हे पहिल्याच दिवशी कळलं होतं." बाईंनी फाइल त्याच्यापुढे सरकवली. "खालचा शेरा वाचा."

घाईगडबडीत चष्मा घरीच राहिला होता. बायकोने कागद ओढून घेतला आणि वाचता वाचता तिला हसू फुटलं.

'प्रवासी बोटीने आलो म्हणतो. कपडे अजून ओले आहेत. पोहणे उत्तम असावे. भरती करून घ्यावा.'