स्वयंपाकघरातला पाहुणा

मायदेशी इलोइलोमध्ये बावीस वर्षं जित्याजागत्या माणसांच्या दाढा कोरलेल्या डॉक्टर रोझालिंडाला परदेशात, विनिपेगमध्ये परवान्याच्या परीक्षेसाठी प्लास्टिकच्या मुंडक्यावर सराव करावा लागला. तीन वर्षं ते मुंडकं स्वयंपाकघरातल्या टेबलाला जखडलेलं होतं.

"काय पण पाहुणा आणलायस!" नवरा एफ्रेन चिडवायचा. "जेवत नाही, बोलत नाही, नुसता आ वासून बसलाय मेला!"

रोझालिंडाला हसायला फुरसत कुठली? कोरताना हात केसभर जरी चुकला, तरी स्क्रू काढायचा, तो दात बरणीत टाकायचा, नवा बसवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बिघडलेल्या दातांनी दोन बरण्या भरल्या, तेव्हा कुठे तिसऱ्या खेपेला ती पास झाली.

दवाखान्यात पहिले पेशंट आले, म्हातारे मिस्टर फ्रीझन. काम अगदी सफाईने चाललं होतं, तेवढ्यात त्यांच्या दाढेचा टवका उडाला. रोझालिंडा जराही डगमगली नाही. मदतनिसाकडे न बघताच तिने हात पुढे केला.

"असू दे. स्क्रूड्रायव्हर दे, दुसरा बसवू."

तीन वर्षांत पहिल्यांदाच तिच्यापुढचं तोंड गपकन मिटलं.